तळहातावरचा हिस

गॅसचा वास यायच्या आधी मला आवाज आला होता. मी न्हाणीत दाढी करत होतो आणि स्वयंपाकघरातून बारीक, एकसुरी सूं ऐकू येत होतं. माझ्या कामात हा आवाज ओळखणं म्हणजेच पगार. मी रेल्वेत आहे, छत्तीसगढात भिलाई-३ च्या बाजूला, मालगाड्यांचे ब्रेक तपासतो. अख्ख्या गाडीखालून हवेची नळी जाते. दोन डब्यांच्या मधल्या जोडात कुठं हवा निसटत असली तर ती अशीच सूं करते, आणि आम्ही गाडीच्या कडेकडेनं चालत ती शोधत जातो. म्हणून तोंडाला साबण तसाच ठेवून मी धावलो.

बायको सिलिंडरच्या अगदी शेजारी उभी राहून वांगी चिरत होती. सकाळीच नवा सिलिंडर लावला होता, आणि रेग्युलेटरच्या तोंडातून गॅस येत होता. मी बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि मग तिच्यावर ओरडलो, की काहून, ऐकू नाही येऊन राहिलं का तुले? तिला सर्दी होती, वास कळला नसेल हे मी समजू शकत होतो. पण हा आवाज तर पलीकडच्या खोलीत ऐकू आला असता.

तिनं सुरी खाली ठेवली. शांतपणे म्हणाली, "नाही येत. बरेच दिवस झाले."

माझं एक वाईट आहे. काही झालं की मला आधी स्वतःचा अपराध आठवतो, मग समोरच्याचं दुःख. त्या क्षणीही तसंच झालं. दिवसभर लोखंडाच्या डब्यांना कान लावून फिरणाऱ्या माणसाला आपल्या घरातल्या बाईचा कान कळू नये? मला एकेक प्रसंग आठवू लागला. मागून हाक मारली आणि तिनं ओ दिली नाही म्हणून मी फुगून बसलो होतो, ते सगळे. हे मी तिला सांगायला लागलो तर ती हसली. म्हणाली, तुम्हाले तर पाऊस नाही पडला तरी वाटते, आपलंच काही चुकलं. आधी तोंडाचा साबण पुसा.

दुर्गच्या कानाच्या डॉक्टरांनी तिला एका बंद खोलीत बसवून तपासलं आणि आलेख दाखवला. जाड, खालच्या आवाजांची रेघ सरळ होती. बारीक, उंच आवाजांकडे गेली की ती एकदम दरीत उतरावी तशी खाली जात होती. बोलण्यातले स, श, फ हे त्याच दरीत असतात, असं डॉक्टर म्हणाले. तिच्या वडलांनाही उतारवयात असंच झालं होतं. गेलेलं परत येणार नाही, यंत्र लावता येईल, पण त्याची सवय व्हायला वेळ लागेल. परतताना स्कूटरवर ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "म्हणजे बुडबुड शिल्लक आहे. फुसफुस गेली."

ती हे असं का म्हणाली, ते सांगायला हवं.

माझी बायको वैशाली नगरच्या बाजूला एका लहान खाजगी शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. तेव्हा वरच्या वर्गांचं श्रुतलेखनही तिच्याकडं होतं. ती स्वतः वर्ध्याकडच्या गावातल्या मराठी शाळेत शिकली. लग्न होऊन भिलाईला आली तेव्हा तिला इंग्रजीची माझ्याइतकीच भीती होती. रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात मुलांचा अभ्यास घ्यायला कुणी मिळेना, म्हणून ती बसू लागली, आणि मुलांच्या पुस्तकांतून स्वतः शिकू लागली. तिथं तिला पहिल्यांदा आवाजाचे शब्द भेटले. साप करतो तो हिस. सोडा उघडल्यावर होतो तो फिझ. गरम तव्यावर तेल पडतं तो सिझल. पाण्यातून वर येतो तो बबल, आणि मोरीत पाणी उतरताना गर्गल. ती सांगते, बाकीचे इंग्रजी शब्द तिच्याकडं परक्या पाहुण्यासारखे बघत होते, आणि हे मात्र दारातच स्वतःचं नाव सांगत आत आले. त्यांचा अर्थ पाठ करावा लागला नाही. मग बाकीच्यांचीही भीती गेली. पुढं तिनं संसार सांभाळून पदवी केली, शिक्षणाची पदविका केली, आणि शाळेत लागली.

दर वर्षी हा धडा आला की ती सणासारखी तयारी करायची. विजेची शेगडी, तवा, सोड्याची बाटली, काचेचा पेला, पाणी प्यायची नळी, सगळं पिशवीत भरून नेणार आणि वर्गात एकेक आवाज करून दाखवणार. घरी आल्यावर मी जेवत असताना तेच मला पुन्हा सांगणार. मला आधी वाटायचं, एवढं काय त्यात? आपल्याकडंही चर्र आहे, फसफस आहे, वरण रटरटतं, भात खदखदतो. ती म्हणायची, आहे नं, म्हणूनच तर हे आपल्याले समजतात. मग ती मला शब्द उघडून दाखवायची. बबल म्हणताना ओठ दोनदा मिटतात आणि उघडतात, दोन बुडबुडे फुटावेत तसे. हिस म्हणताना शेवटी तोंड मिटतच नाही, श्वास पुरेल तोवर तो शब्द संपत नाही. सिझलमध्ये आधी तेल तापल्याची सळसळ आणि मग त्यात काही पडल्याची थरथर. ज्यांनी कुणी हे शब्द पहिल्यांदा तोंडातून काढले असतील त्या माणसांबद्दल मला आदर वाटू लागला. ती माणसंही आपल्यासारखीच चुलीपाशी बसलेली असणार.

आणि नेमके यातलेच अर्धे शब्द आता तिच्या कानातून गेले होते. बबल आणि गर्गल तिला स्वच्छ ऐकू येत. हिस, फिझ, सिझल यांचं फक्त मधलं धड ऐकू येई, फुसफुस नाही. वर्गात ती मुलांच्या ओठांवरून बराच अंदाज घ्यायची. मला तिनं सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर मी रात्रंदिवस स्वतःलाच दोष देत बसलो असतो. हे तिनंच नंतर सांगितलं, आणि ते खरं आहे.

यंत्र यायला वेळ होता. त्याआधीच शाळेत तक्रार आली. एका मुलीच्या आईनं मुख्याध्यापिकांना सांगितलं की आपली मुलगी घरी फिज म्हणते, सिजल म्हणते, आणि म्हणते मॅडमनं शाबास दिली. इकडची मुलं हिंदी आणि छत्तीसगढीत वाढतात. त्यांच्या जिभेला 'जय'मधला ज सोपा, इंग्रजीतला तो गुणगुणणारा झ अवघड. ते शिकवायलाच तर बाई ठेवली आहे, असं त्या आईचं म्हणणं. मुख्याध्यापिका बायकोशी नीट बोलल्या. पुढच्या आठवड्यात आवाजाच्या शब्दांचा तास आहे नं, मी वर्गात येऊन बसेन, एवढंच म्हणाल्या. पण तास बघून त्या काय ठरवणार हे उघड होतं. ज्या बाईला मुलांची चूक ऐकू येत नाही तिला वर्ग का द्यावा?

बायकोनं मला विचारलं, सांगून टाकू का आधीच? मी म्हणालो, नको. तास होऊन जाऊ दे. मला वाटलं मी तिला वाचवतो आहे.

त्या आठवड्यात आमचं घर शाळा झालं. तिला एक युक्ती सापडली होती. हिस म्हणताना तोंडासमोर तळहात धरला तर गार श्वासाची रेघ हातावर लागते. आणि गळ्यावर दोन बोटं ठेवली तर हिसला गळा गप्प राहतो, फिझला आत भुंगा गुणगुणतो. म्हणजे कानानं नाही तर हातानं ऐकायचं. तिनं माझ्यावर प्रयोग सुरू केले. मी जेवणाआधी भिंतीला टेकून उभा राहायचो, ती माझ्या गळ्याला बोटं लावायची, आणि मी एकेक शब्द म्हणायचो. प्रत्येक शब्दाला ती मान डोलवायची. शाबास, शाबास.

आमची मुलगी कॉलेजात शिकते. ती सोफ्यावर मोबाइल बघत होती. घरात ती मराठी बोलते, पण वाक्य संपेपर्यंत मराठीत राहील याची खात्री नसते. ती मान वर न करता म्हणाली, "मम्मी, पापा फिज बोल रहे. आणि तू शाबास देऊन राहिली."

बायकोचा हात माझ्या गळ्यावर तसाच होता. तो हळूच खाली आला. तिला लगेच कळलं काय झालं ते. ज म्हटला तरी गळा गुणगुणतो. बोटांना फिज आणि फिझ सारखेच लागतात. वर्गात त्या मुलीला जे झालं तेच आत्ता घरात झालं होतं, आणि या वेळी ती कानावर नाही, नव्या युक्तीवर विसंबून होती. मुलीनं मोबाइल बाजूला ठेवला, आईजवळ येऊन उभी राहिली, सॉरी म्हणाली. बायको म्हणाली, सॉरी काहून? तू नसतं सांगितलं तर तिकडं सगळ्यांसमोर कळलं असतं. मग आत जाऊन तिनं कणीक मळायला घेतली. त्या दिवशी तिनं पुन्हा सराव केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवरून आलो तो वैतागलेला होतो. शेजारच्या रुळावर इंजिन धडधडत उभं होतं आणि अशात गळती ऐकू येत नाही. जेवताना मी काही तरी बोलायचं म्हणून तेच सांगत होतो. अशा वेळी आम्ही जोडावर साबणाचं पाणी लावतो. गळत असेल तर बुडबुडे येतात. नाहीतर हात ओला करून जवळ धरतो. पण हवा लागली म्हणजे गळती असं नाही. ब्रेक सुटताना प्रत्येक डब्याखालून हवा येतेच. नवीन पोरं तिथंच फसतात, हवा लागली की ओरडतात. त्यांना आम्ही पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो. मी तिला ती जशी यार्डात सांगतात तशीच सांगितली: "फस् करून थांबलं तर ब्रेक. थांबलंच नाही तर गळती."

ती वाढत होती. भाकरी हातात तशीच धरून तिनं माझ्याकडं बघितलं.

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. तिनं भाकरी ताटात ठेवली, माझ्या तोंडात घास असतानाच गळ्याला बोटं लावली आणि म्हणाली, गिळा आधी, मग फिज म्हणा, आणि मी थांब म्हणेपर्यंत थांबू नका. मी म्हटलं. ज लांबत नाही. एकदा फुटला की संपला. माझं नुसतं फिज, फिज, फिज होऊ लागलं, चालू न होणाऱ्या स्कूटरसारखं. मुलगी हसून लोळायला लागली. मग तिनंच मला जीभ कुठं ठेवायची ते दाखवलं, दातांच्या मागं, न टेकवता. बऱ्याच खटपटीनंतर माझ्या तोंडून तो झ निघाला आणि निघतच राहिला. बायकोच्या बोटांखाली माझा गळा गुणगुणत होता आणि ती डोळे मिटून ऐकत होती. ऐकत होती असंच मी म्हणेन.

गळा गप्प आणि श्वास लांबतो, तो हिस. गळा गुणगुणतो आणि लांबतो, तो फिझ. गुणगुणून लगेच तुटतो, तो चुकीचा. तिला आता कानाची गरज नव्हती. माझ्या यार्डातलं एक वाक्य तिनं उचललं आणि त्यातून जे केलं ते मला शंभर वर्षं गाड्या तपासूनही सुचलं नसतं.

तासाच्या दिवशी मी सुट्टी टाकली. सामान फार होतं. शेगडी आणि तवा मी वर्गात पोचवला आणि बाहेर व्हरांड्यात खिडकीजवळ उभा राहिलो. मुख्याध्यापिका मागं मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या होत्या. मला वाटलं बायको पुस्तक उघडेल. तिनं पुस्तक उघडलं नाही. ती मुलांच्या समोर उभी राहिली आणि हिंदीत म्हणाली:

"बच्चों, मेरे कान को अब कुछ आवाज़ें सुनाई नहीं देतीं. स वाली, झ वाली. तो आज आप लोग मुझे हाथ से सुनाओगे."

हे तिनं मला सांगितलं नव्हतं. मुख्याध्यापिकांनी मान वर केली. मुलं मात्र अजिबात दचकली नाहीत. एकानं विचारलं, दुखता है क्या? ती म्हणाली, नाही. मग ठीक आहे, असा चेहरा करून तो खाली बसला.

पुस्तकात हिसच्या चित्रात साप आहे. तिनं विचारलं, हिस कोण करतं? एकाही मुलानं सापाचं नाव घेतलं नाही. एक म्हणाला कुकर. एक म्हणाली बसचं दार. आणि दोघं-तिघं एकदम म्हणाले, मालगाड़ी. मी व्हरांड्यात एकटाच हसलो. मग तव्यावर चील्याचं पीठ पडलं, तांदळाच्या धिरड्याचं, इकडं घरोघरी करतात ते, आणि सगळ्या वर्गानं सिझल ऐकला. ज्याला त्याला वास आल्यामुळं त्यानंतर काही वेळ कुणाचंच लक्ष शब्दांत नव्हतं. सोडा उघडला. पेल्यात नळीनं फुंकून बबल झाले, तेव्हा ती म्हणाली, हे मला तुमच्यापेक्षा चांगलं ऐकू येतं. मुलांना ते पटलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा फुंकून तिची परीक्षा घेतली. ती पाठ करून उभी राहिली आणि दर वेळी बरोबर हात वर केला.

मग तिनं त्या मुलीला पुढं बोलावलं, जिच्या आईनं तक्रार केली होती. छोटीशी, दोन वेण्यांची. बायकोनं गुडघ्यावर बसून तिच्या गळ्याला दोन बोटं लावली आणि दुसरा हात वर धरला. हा हात खाली येईपर्यंत थांबायचं नाही. मुलगी म्हणाली, फिज. तुटला. पुन्हा म्हणाली, पुन्हा तुटला. बायकोनं मान हलवली, रागावली नाही, स्वतःचं तोंड उघडून जीभ दाखवली. मुलीनं डोळे बारीक केले, तिसऱ्यांदा प्रयत्न केला, आणि तिच्या तोंडून तो झ निघाला. बायकोचा हात वरच राहिला. मुलीचा चेहरा लाल झाला, श्वास संपत आला, तरी ती थांबेना. हात खाली आला तेव्हा तिनं एवढा मोठा श्वास घेतला की सगळा वर्ग हसला. बायको म्हणाली, शाबास. या वेळची शाबासकी खरी होती, आणि त्या मुलीलाही ते समजलं असावं. ती जागेवर परत जाताना गळ्यावरचा हात काढेना.

नंतर सगळ्या वर्गानं आपापल्या गळ्याला हात लावून एकदम फिझ म्हटला. गाडी दिसायच्या आधी रूळ गुणगुणतात, तसा तो आवाज खिडकीतून माझ्यापर्यंत आला. मागच्या बुटक्या खुर्चीवर मुख्याध्यापिकांचाही हात गळ्याशी होता.

तास संपल्यावर त्यांनी बायकोला कार्यालयात बोलावलं. मी पिशव्या घेऊन दाराबाहेर थांबलो, त्यामुळं मला ऐकू येत होतं. त्या म्हणाल्या, आज आवडलं, पण वर्षभर प्रत्येक मुलाच्या गळ्याला हात लावून शिकवता येणार नाही. आणि वरच्या वर्गांचं श्रुतलेखन तुमच्याकडं आहे, त्याचं काय? बायकोनं उत्तर तयार ठेवलं होतं. श्रुतलेखन दुसऱ्यांना द्या, माझा स मलाच ऐकू येत नाही, ते माझ्याकडून नीट होणार नाही. पहिली-दुसरी माझ्याकडं राहू द्या, आणि बाकं अर्धगोलात लावू द्या, म्हणजे मला सगळ्यांची तोंडं दिसतील. यंत्र आलं की तेही लावीन. मग मुख्याध्यापिका म्हणाल्या, बाकं लावून घ्या. वर्षअखेरीस पुन्हा बघू.

बाहेर आल्यावर मी पहिलं काय म्हणालो असेन? म्हणालो, मी तुला लपवायला सांगितलं होतं, माझं चुकलं. ती म्हणाली, झालं तुमचं सुरू? ती शेगडी नीट धरा, गरम आहे.

वर्षअखेर होऊन गेली. पहिली-दुसरी तिच्याकडंच आहे. श्रुतलेखन गेलं, त्याचं तिला वाईट वाटलं, ती तसं म्हणत नाही पण शुक्रवारी, तो तास असायचा त्या दिवशी, ती घरी येऊन जुन्या वह्या चाळत बसते. यंत्र आलं. त्यातून स ऐकू येतो, पण कागद फाडल्यासारखा, आणि पंख्याच्या आवाजात तो हरवतो. वर्गात ती अजून बोटांवरच जास्त विश्वास ठेवते. तिच्या मुलांना एक सवय लागली आहे. ती मागून मॅडम म्हणून ओरडत नाहीत. बाजारात भेटली तरी आधी समोर येऊन उभी राहतात, तोंड तिच्याकडं करतात आणि मग बोलतात. एवढी साधी गोष्ट मला संसारात इतक्या वर्षांत जमली नव्हती. आता मीही पलीकडच्या खोलीतून हाक मारत नाही. उठून जातो.

परवा सिलिंडर बदलला. मी यार्डातला एक जुना ब्रश घरी आणून ठेवला आहे. बायकोनं वाटीत साबणाचं पाणी केलं, ब्रशनं रेग्युलेटरच्या तोंडाला लावलं आणि वाकून बघत बसली. मी दुसऱ्या बाजूनं कान लावला.

"बबल नाही," ती म्हणाली.

"हिस नाही," मी म्हणालो.

तिनं वाटी माझ्या हातात दिली, ओटा पुसून घेतला आणि शेगडी पेटवली.